पप्पांच्या वहीतलं माझं पान

गेल्या आठवड्यात मावसभावाचा फोन आला. यंदाच पुण्यात फर्स्ट इयरला आलाय, कोथरूडला कॉट बेसिसवर राहतो. "ताई, मॉलच्या दारात एक जण क्रेडिट कार्ड काढून देतोय. लाइफटाइम फ्री आहे म्हणे, वर एक बॅग. घेऊ का?"

"बॅग कशी आहे?"

"बरी आहे."

"मग तसली एक विकत घे. चारशेला मिळेल."

तो हसला, पण विषय सोडेना. फॉर्मवर वार्षिक उत्पन्नाचा रकाना आहे आणि तो माणूस म्हणतोय की तिथं काहीतरी टाकू, पुढचं मी बघतो. तेव्हा मात्र मी आवाज चढवला. कमाई नसताना फॉर्मवर खोटा आकडा टाकला तर सही आपली असते, त्या माणसाची नाही. आणि अर्ज नाकारला गेला तरी 'यानं कर्ज मागितलं होतं' ही चौकशी क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे आपल्या उधारीच्या नोंदींत, राहते. अठराव्या वर्षी रिपोर्टचं पहिलंच पान असं सुरू कशाला करायचं?

फोन ठेवल्यावर मलाच थोडं वाईट वाटलं. मी काय शहाणी होते? सेकंड इयरच्या शेवटी, जून २०२३ मध्ये, मीही कार्ड घेतलं होतं, आणि सप्टेंबरमध्ये बार्शीला घरी जाताना एसटीत बसून रडले होते. त्याला फोनवर नीट सांगता आलं नाही ते इथे लिहितेय.

माझं कार्ड मॉलच्या दारातलं नव्हतं. बारावीच्या निकालाला आजीने दिलेले पैसे आणि दोन-तीन दिवाळ्यांची ओवाळणी मिळून वीस हजार साठले होते. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, एफडी कर, तिच्यावर कार्ड मिळतं, उत्पन्नाचा पुरावा लागत नाही. वीस हजारांच्या एफडीवर अठरा हजारांचं लिमिट. कार्ड चालू असेपर्यंत एफडीवर बँकेचा लीन, म्हणजे मधेच मोडता येणार नाही. विद्यार्थ्याने कार्ड घ्यायचंच असेल तर याच प्रकारचं घ्यावं, हे मी आजही म्हणेन. लिमिट आपल्याच साठवलेल्या पैशांएवढं असतं, त्यामुळे खड्डा फार खोल जात नाही. मी पडले ते त्या उथळ खड्ड्यात.

जुलैमध्ये माझा मोबाईल मेसच्या पाण्याच्या पिंपात पडला. तांदळात ठेवून बघितला, दुकानात दाखवला, गेलाच होता. २२ जुलैला चौदा हजारांचा नवा घेतला, कार्डवर. १० ऑगस्टला आणखी बाराशे रुपयांची पुस्तकं. १८ ऑगस्टला बिल आलं. त्यात दोन आकडे होते. एक 'टोटल अमाउंट ड्यू', १५,२००. दुसरा 'मिनिमम अमाउंट ड्यू', ७६०. भरायची शेवटची तारीख ७ सप्टेंबर.

आता खरं सांगते, हसू नका. मला वाटलं ७६० हा हप्ता आहे. म्हणजे मोबाईलचे आपोआप हप्ते पडलेत आणि दर महिन्याला साधारण एवढेच भरायचे. अ‍ॅपमध्येही पैसे भरायला गेलं की मिनिममचं बटण अगदी समोर. ५ सप्टेंबरला मी ७६० भरले. 'पेमेंट रिसीव्ह्ड, थँक यू' असा मेसेज आला आणि मी रूममेटला म्हटलं, बघ, किती सोपं आहे.

त्यानंतर मिड-सेम परीक्षा होत्या. कार्डला हातही लावला नाही. १८ सप्टेंबरला, गणपतीच्या आदल्या दिवशी, स्वारगेटवरून एसटी पकडली. टेंभुर्णीला गाडी चहाला थांबली तेव्हा बिलाचा मेल आला. एक रुपयाही खर्च केलेला नाही, उलट ७६० भरलेत, आणि टोटल ड्यू १५,५९३. मिनिमम ड्यू १,८७५.

मी तो आकडा तीन-चार वेळा वाचला. बँकेची चूक असेल असं वाटून हेल्पलाइनला फोन लावला, तर 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' ऐकत ऐकत कुर्डुवाडी आली आणि रेंज गेली.

चूक नव्हती. तो हिशेब मला नंतर पप्पांनी करून दाखवला, कारण मला इंजिनिअरिंगची तीन गणितं येऊनही तो सुटत नव्हता.

पप्पांचं बार्शीत किराणा दुकान आहे. लाल कापडी बांधणीची उधारीची वही गल्ल्याशेजारी कायम असते. आसपासच्या गावांतले शेतकरी सामान नेतात, उडदाचे, तुरीचे पैसे आले की खातं मिटवतात. लहानपणापासून मी ती वही बघत आलेय. 'मागील बाकी' हा शब्द मी शाळेत जायच्या आधी ऐकला असेन. तरी स्वतःच्या बिलावर तोच शब्द इंग्रजीत आला तर ओळखला नाही.

गौरीपूजनाच्या आदल्या रात्री दुकान बंद करताना मी त्यांना सांगितलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "काढ ते बिल." पीडीएफ उघडायला पासवर्ड लागतो, नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख. तो चुकीचा टाकत टाकत मी एकदाची उघडली. पप्पांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, एका कोऱ्या पुड्याच्या मागे पेनाने लिहायला सुरुवात केली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "व्याज काय दरानं?"

"साडेतीन टक्के."

"वर्षाला?"

"महिन्याला."

ते थांबले. "म्हणजे शेकडा साडेतीन." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, शेकडा तीननं देणाऱ्याला आपण गावात सावकार म्हणतो."

साडेतीन टक्के ऐकायला किती बारीक वाटतं. वर्षाचे बेचाळीस टक्के होतात. ज्या बँकेला मी हे बेचाळीस देत होते त्याच बँकेत माझी एफडी सात टक्क्यांवर पडून होती. वीस हजारांवर महिन्याला साधारण ११७ रुपये मला मिळत होते, आणि त्याच पैशांच्या तारणावर घेतलेल्या उधारीचं एका बिलातलं व्याज ९७७ रुपये. पप्पांना सगळ्यात जास्त गंमत याचीच वाटली. "आपलेच पैसे आपणच सावकाराकडून घेतलेस," म्हणाले.

ते ९७७ कसे आले? मला वाटायचं, मुदतीनंतर जेवढी बाकी राहिली तेवढ्यावर, ७ सप्टेंबरपासून व्याज लागेल. तसं नसतं. बिल पूर्ण भरलं नाही की बिनव्याजी मुदत मागे जाऊन रद्द होते आणि प्रत्येक खरेदीवर खरेदीच्या दिवसापासून व्याज मोजतात. चौदा हजारांवर २२ जुलै ते ५ सप्टेंबर, ४५ दिवस: ७२५ रुपये. पुस्तकांच्या बाराशेवर २६ दिवस: ३६ रुपये. ७६० वजा करून उरलेल्या १४,४४० वर पुढचे १३ दिवस: २१६ रुपये. बेरीज ९७७. त्यावर १८ टक्के जीएसटी, १७६. एकूण १,१५३. माझे ७६० गेले आणि वर १,१५३ आले, म्हणून बाकी वाढली. मिनिमम ड्यू एकदम १,८७५ झाला तोही यामुळेच. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की मिनिमम भरत राहिलं तर बाकी फुगत जाता कामा नये. म्हणून दुसऱ्या बिलापासून सगळं व्याज, सगळा जीएसटी आणि वर मुद्दलाचे पाच टक्के असा तो आकडा येतो.

आणखी एक गोष्ट तेव्हा माझ्या नशिबाने घडली नाही, पण रूममेटच्या बाबतीत घडली. मागची बाकी असताना कार्ड वापरत राहिलं तर नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज घेतलेल्या वडापाववर आजपासून व्याज. ती लातूरची, हिशेबाला पक्की, तरी सलग तीन महिने तिला वाटत होतं की जुनं वेगळं चाललंय आणि नवं वेगळं. त्यात तिने एकदा स्वारगेटच्या एटीएममधून कार्डवर दोन हजार काढले. कॅश काढण्याची फी पाचशे, त्यावर जीएसटी नव्वद. दोन हजार हातात पडायला ५९० रुपये, आणि कॅशवर बिनव्याजी दिवस मुळात नसतातच, त्याच दिवसापासून व्याज. ते बिल आम्ही आमच्या खोलीतल्या कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवलं होतं. आमच्यानंतर आलेल्या मुलींनी काढलं असेल.

तर पप्पा. २२ तारखेला, गौरी जेवल्यावर, त्यांनी माझ्या खात्यात पैसे टाकले आणि मी १५,५९३ पूर्ण भरले. मग त्यांनी वही ओढली, नवं पान काढलं, वर माझं नाव लिहिलं, आडनावासकट. खाली तारीख आणि रक्कम. मी म्हटलं, "पप्पा, काय हे." ते म्हणाले, "गिऱ्हाईक आहेस. व्याज नाही लावत, पण पान लावतो." पुण्यात परतल्यावर मी आठवीच्या दोन मुलांच्या गणिताच्या शिकवण्या धरल्या आणि दर महिन्याला पंधराशे पाठवायला लागले. प्रत्येक वेळी पप्पांचा वहीच्या पानाचा फोटो यायचा, खाली नवी बाकी काढलेली. शेवटचा हप्ता जुलै २०२४ मध्ये गेला.

ऑक्टोबरच्या बिलात मात्र पुन्हा ७८ रुपये आणि वर काही पैसे! सगळं भरलंय तर हे कुठून? १८ ते २२ सप्टेंबर, बिल निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या चार दिवसांचं व्याज आणि त्यावरचा जीएसटी. एकदा मुदत मोडली की ही शेपूट पुढच्या बिलात येतेच. आता सगळं मिटलं म्हणून अनेक जण ते बिल उघडतही नाहीत, आणि ७८ रुपयांपायी थकबाकीदार होतात.

मी कार्ड बंद केलं नाही. पप्पा म्हणाले होते, "वही वाईट नसते गं, तारीख चुकली की वाईट." त्यामुळे तारखांचाच अभ्यास केला. माझं बिल १८ ला निघतं, मुदत पुढच्या ७ पर्यंत. म्हणजे १८ जुलैला काही घेतलं तर ते ७ ऑगस्टला द्यावं लागतं, वीस दिवसांत. तीच वस्तू १९ ला घेतली तर पुढच्या बिलात जाते आणि ७ सप्टेंबरपर्यंत, पन्नास दिवस मिळतात. एका दिवसात महिन्याचा फरक. जाहिरातीत 'पन्नास दिवस बिनव्याजी' लिहिलेलं असतं ते फक्त १९ तारखेचं असतं, बाकीच्या दिवशी कमी कमी होत जातं. ही बिलाची तारीख बदलून मागता येते. घरून पैसे ५ ला येत असतील आणि मुदत २ ला संपत असेल, तर दर महिन्याला तीन दिवस उसनवारी करण्यापेक्षा तारीख बदलून घ्यावी.

मग ऑटो-पे लावला. इथेही एक खाच आहे: लावताना 'टोटल' की 'मिनिमम' असं विचारतात, आणि मिनिममवर लावला की माझी ७६० ची गोष्ट आपोआप घडत राहते. दर महिन्याला, मेसेजसुद्धा 'थँक यू'चाच. टोटलवर लावावा, आणि ६ तारखेला खात्यात तेवढे पैसे आहेत का ते बघावं. एखादवेळी विसरलंच तर घाबरून जाऊ नये. मुदतीनंतर तीन दिवस उलटेपर्यंत लेट फी लावता येत नाही आणि थकबाकी म्हणून, सगळ्यांच्या उधारीच्या नोंदी ठेवणाऱ्या क्रेडिट कंपन्यांकडेही नाव जात नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. व्याज मात्र चुकत नाही.

क्रेडिट कंपन्या भारतात चार आहेत, सिबिल त्यांतली एक, पण आपण सगळ्यांनाच सिबिल म्हणतो, जसं सगळ्या वनस्पती तुपाला डालडा. उधारी किती नीट फेडतो याचे ते गुण देतात, तो स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यामुळे अ‍ॅपवाल्यांना पैसे देऊ नका. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा ६९८ होता. थकबाकी एकही नव्हती, पण अठरा हजारांच्या लिमिटमधले पंधरा हजार वापरलेले होते, आणि लिमिट असं काठोकाठ वापरणं त्यांना आवडत नाही. तीस टक्क्यांच्या आत ठेवा म्हणतात, म्हणजे माझ्या कार्डावर पाच-साडेपाच हजार. आता ७६१ आहे. मार्चमध्ये स्कूटरचं लोन घेताना बँकेतल्या माणसाने आधी स्क्रीन बघितली आणि मगच मला बसायला सांगितलं, एवढा त्याचा उपयोग मी डोळ्यांनी बघितलाय.

कॉलेजात असताना पैसे जातात कुठे, हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. ते सांगते.

एक म्हणजे हॉटेलचं बिल. आठ जण जेवायला जातात, कार्डवाला म्हणतो मी भरतो, मला यूपीआय करा. पाच जण लगेच करतात. ते अठराशे रुपये खात्यात आले की आपल्याला वाटतं पैसे आलेत. बिल भरायला अजून चाळीस दिवस असतात आणि तोवर त्यातून शर्ट येतो. मी आता असे आलेले पैसे त्याच रात्री कार्डवर भरून टाकते. बिलाची वाट बघायची गरज नसते, मधेही भरता येतं. हे मला वर्षभर माहीतच नव्हतं.

दुसरं, सेलचे दिवस. दहा टक्के सूट विशिष्ट कार्डावर असते आणि अख्ख्या मजल्यावर ते कार्ड एकीकडेच असतं. माझ्या कार्डवर मी एकदा तीन जोडी बूट, एक मिक्सर आणि कुणाच्या तरी दाजींचं ट्रिमर घेतलंय. पैसे सगळ्यांनी दिले, ट्रिमरचे दोन महिन्यांनी. बिल माझ्या नावावर होतं आणि माझी त्या दाजींशी ओळखही नव्हती. सध्या सरळ सांगते, आधी पैसे, मग ओटीपी.

आणि तिसरं, क्यूआर. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. दहा रुपयांचा चहाही उधारीवर स्कॅन होतो. मी हौसेने जोडलं. त्या महिन्याच्या बिलात सहा पानं आली. चहा, पोहे, झेरॉक्स, रिक्षा, चहा, लिंबू सरबत, चहा. एकही खर्च पन्नासच्या वर नाही आणि बेरीज साडेतीन हजार. पाकिटातली नोट मोडली की जाणवतं, खात्यातली शिल्लक कमी झाली तरी जाणवतं, उधारीची चहाची टपरी मात्र अजिबात जाणवत नाही. मी जोडणी काढून टाकली.

माझ्या वर्गातले अर्धे लोक म्हणतील की रिवॉर्ड पॉइंट्सचं काय. दोन वर्षांत माझे सगळे पॉइंट मिळून सहाशे रुपयांचे झाले. त्यांतून त्या एका बिलाचं व्याजही भागत नाही.

व्याज कोर्टात जाऊन कमी होईल या भ्रमातही कुणी राहू नये. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डावर वर्षाला तीस टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. त्यामुळे शेकडा साडेतीन कायदेशीर आहे.

कार्ड नकोच झालं तर बाकी शून्य करून लेखी अर्ज द्यायचा. बँकेला ते सात कामाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर उशिराच्या दर दिवसाला पाचशे रुपये बँक तुम्हाला देणं लागते. फोनवरची मुलगी आधी मोठं लिमिट देऊ करते, मग कॅशबॅक. रूममेटने तीन फोन सहन केले, चौथ्याला ती लातुरी हिसका दाखवून बोलली आणि कार्ड बंद झालं.

हे सगळं मी मावसभावाला लिहून पाठवलं, जरा कमी शब्दांत. खरं तर त्याला कार्डाची आत्ता गरज नाही, डेबिट कार्ड आणि यूपीआयवर त्याचं सगळं भागतं, आणि तेही मी सांगितलं. त्यावर दोन दिवस काही उत्तर नाही. मग काल रात्री मेसेज: मॉलवाल्याला नाही म्हणालो, माझ्या दहावीच्या बक्षिसाचे दहा हजार आहेत त्याची एफडी करतोय, त्यावर कार्ड घेतो, बिलाची तारीख २० मागितलीय.

पाच मिनिटांनी दुसरा मेसेज आला. "पहिली खरेदी २१ ला करणार. बॅग."